पहिला साप निवडताना

तरुणांनी पहिला साप निवडताना घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिली नोकरी चुकली तर बदलता येते. पहिलं प्रेम चुकलं (ते चुकतंच) तर निदान चार कविता पदरात पडतात. पहिला साप चुकला तर तो कपाटामागे जातो, आणि मग घरातली मोठी माणसं महिनाभर पलंगावर पाय वर घेऊन टीव्ही बघतात.

हे मत मांडायची वेळ आमच्या भाच्याने आणली. वय वर्षं एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मुक्काम पुण्यात सिंहगड रोड. त्याला साप पाळायचा आहे. कुत्रा त्याच्या मते आता फार सामान्य झाला आणि मांजर तर कुणाकडेही असतं. साप भुंकत नाही, त्याला पहाटे फिरवावं लागत नाही, त्याचे केस गळत नाहीत. कात टाकतो, पण तीही एकसंध, झाडू घ्यायची गरज नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्याविरुद्ध तक्रार येत नाही, कारण तो आहे हे गटाला माहीतच नसतं. एवढे गुण भाच्यात असते तर ताईने त्याचं नाव पेपरात छापून आणलं असतं.

आम्ही जुन्या वळणाचे, म्हणून आधी स्वदेशीचा आग्रह धरला. म्हटलं, धामण घे की. बिनविषारी, लांबीला भरपूर, उंदरांचा फडशा पाडणारी, शिवाय आपल्या मातीतली. भाच्याने फोनवर कायदा काढून दाखवला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972. आपल्याकडचा साप पकडून घरात ठेवता येत नाही, मग तो नाग असो की धामण. अजगर तर पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळलेला सापडला तर तीन ते सात वर्षं कैद आणि वर किमान पंचवीस हजार दंड. तीन ते सात वर्षं म्हणजे आमच्या भाच्याच्या कॉलेजात पदवीला लागतात साधारण तेवढीच. दंड मात्र तिथल्या फीपेक्षा पुष्कळ कमी. हे आम्ही बोलून दाखवलं नाही. भावोजी समोरच बसले होते आणि ते बँकेतले आहेत.

मांडुळाचाही विषय निघाला. बिचारं मातीत तोंड खुपसून पडून राहणारं, चावायच्या फंदात सहसा न पडणारं जनावर. पण त्याची शेपूट आखूड आणि बोथट. ती शेपूटच आहे हे मांडूळ स्वतः आणि प्राणिशास्त्रज्ञ सोडले तर कुणी मानायला तयार नाही. लोकांच्या लेखी ते दुसरं तोंड. आणि दोन तोंडांचं जनावर गुप्तधन दाखवतं! एका तोंडाने खोटं बोलणाऱ्यांचा इतका सुकाळ असताना दोन तोंडांवर विश्वास ठेवायची हिंमत फक्त आपल्यातच आहे. मांडुळाचा सौदा वजनावर होतो, जितकं जड तितकी किंमत, आणि आकडा कोटींतच सांगायची पद्धत आहे. दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी लॉजवर पोलीस धाड घालतात, चार-पाच जण पकडले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात सगळ्यांचा एकत्र फोटो येतो. त्या फोटोत खाली मान घातलेलं फक्त मांडूळ असतं.

थोडक्यात, गावातलं स्थळ कायद्याने बाद. मग परदेशी स्थळं पाहायला सुरुवात झाली, आणि इथे भाच्याची तयारी बघून आम्ही थक्क झालो. पहिलं स्थळ पश्चिम आफ्रिकेचं, बॉल पायथन. उंची तीन ते पाच फूट, बांधा भरलेला, स्वभाव लाजाळू. भीती वाटली की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो. दुसरं अमेरिकेचं, कॉर्न स्नेक. नारिंगी, सडपातळ, चपळ. तिकडच्या मक्याच्या कोठारांत उंदरांमागे येतो म्हणून मक्याचा साप. म्हणजे धामणीचंच काम, फक्त डॉलरमध्ये. आमची धामण हेच काम पिढ्यान् पिढ्या फुकट करते आणि मोबदल्यात तिला म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिणारी चोरटी ठरवण्यात येतं. कॉर्न स्नेकवर असा आळ घेतल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

बॉल पायथन म्हणजे नुसता बॉल पायथन नव्हे. रंगरूपाप्रमाणे त्याचे प्रकार पैदास करून काढलेले आहेत आणि त्यांची नावं आइस्क्रीमच्या दुकानातली वाटतात: बनाना, पेस्टल, पाइड, क्लाउन. स्पायडर म्हणून एक आहे. त्याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, आणि त्याच रक्तातून येणारा मज्जासंस्थेचा दोष. त्याचं डोकं डुगडुगतं, कधी कधी उलटंही होतं, उंदीर समोर असून नेम चुकतो. हे ठाऊक असूनही लोक त्याची पैदास करतात, कारण नक्षी छान दिसते. भाच्याला ही सगळी नावं तोंडपाठ आहेत. मागच्या सत्रात एम-थ्रीची, म्हणजे गणिताची, सूत्रं अशीच पाठ झाली असती तर आज घरात वेगळ्या विषयावर चर्चा चालली असती.

आता घरातल्यांचं ऐका. ताईने आजवर आल्यागेल्याला एकच प्रश्न विचारला आहे, "जेवलास का?" आणि बॉल पायथनची ख्याती नेमकी अशी की तो मनात आलं की जेवणच सोडतो. आठवडे जातात, कधी महिने जातात, गडी ठणठणीत. भाच्याने हे कौतुकाने सांगितलं. ताई पांढरी पडली. "चार महिने खात नाही आणि तुम्ही नुसते बघत बसता? मऊ भात देऊन बघितला का?" त्याला उंदीरच लागतो, आणि तोही गोठवलेला आणून, साठवून, कोमट करून, चिमट्याने द्यायचा असतो, हे कळल्यावर चर्चेचं केंद्र साप सोडून फ्रीझरकडे सरकलं. ताईच्या फ्रीझरमध्ये मटार, ओलं खोबरं आणि गेल्या गणपतीतली मोदकाची उकड असते. अंडं त्या घरात आलेलं नाही. तिथे उंदरांचा डबा कुठल्या कप्प्यात ठेवायचा, त्यावर नाव काय लिहायचं आणि तो चुकून कुणी शेजारी विरजणाला म्हणून नेला तर काय, यावर पाऊण तास गेला.

भावोजींनी शांतपणे आयुर्मान विचारलं. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं, असं उत्तर आलं. कॉर्न स्नेकही वीसच्या आसपास जातो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या बॉल पायथन मादीने साठी उलटल्यावर, 2020 मध्ये, अंडी घातली, आणि त्याआधी पंधरा वर्षांहून अधिक काळ तिच्या आसपास नर फिरकला नव्हता. आजी एवढा वेळ गप्प होत्या. यावर त्या "बरंय" एवढंच म्हणाल्या. भावोजींनी मनातल्या मनात व्याज लावलं आणि निकाल दिला, "फ्लॅटचे हप्ते माझे संपतील, पण याचे उंदीर संपणार नाहीत." आणि पुढे हा शिकायला जर्मनीला गेला की पेटी सांभाळणार कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आला. सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

पेटीचंही एक शास्त्र आहे. एका टोकाला बत्तीस अंशांपर्यंत ऊब, दुसऱ्या टोकाला सव्वीसच्या आसपास गारवा, लपायला दोन जागा, आणि हवेत साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा. वीज गेली की ऊब गेली. उद्या नागपुरातल्या कुणा हौशी मुलाने हाच साप घेतला तर मे महिन्यात पेटीला कूलर लावावा लागेल आणि घरातली माणसं त्या पेटीपुढे झोपायला येतील. मुंबईत जुलैत दमटपणा वाढवायचं यंत्र विकून दाखवणाऱ्याचा तर जाहीर सत्कार व्हायला हवा.

"पण तो तुला ओळखणार का?" ताईने विचारलं. भाचा प्रामाणिक आहे. म्हणाला, "माया वगैरे नसते गं. हळूहळू आपल्याला सहन करायला शिकतो." ताईने भावोजींकडे एक कटाक्ष टाकला आणि पोहे टाकायला उठली.

घरात निखळ पाठिंबा आजींचाच होता. त्यांचं माहेर बत्तीस शिराळ्याकडचं. उच्च न्यायालयाने जिवंत नाग पकडायला मनाई करण्याच्या कितीतरी आधीची नागपंचमी त्यांनी पाहिलेली. बायका दारात आलेल्या खऱ्या नागाला ओवाळत. त्यामुळे भीती शून्य. आजही त्या दिवशी त्या विळीला हात लावत नाहीत, तवा चढवत नाहीत, पुरणाचे दिंड उकडतात. सापाला दूध चालत नाही, तहानेला आला म्हणून काहीही पितो, हे नातवाने सांगितलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी फोनमधला बॉल पायथन चष्मा लावून नीट निरखला आणि विचारलं, "फणा कुठाय?" फणा नसतो म्हटल्यावर फोन परत दिला. "मग हळदकुंकू वाहायचं कुठे?"

राहिली कागदपत्रं. परदेशी जनावरांच्या बाबतीत आपलं सरकार फार मायाळू आहे. 2020 मध्ये योजना निघाली की ज्यांच्याकडे असे विदेशी प्राणी असतील त्यांनी सहा महिन्यांत आपणहून सांगावं, कुठून आणले हे विचारणार नाही. काळ्या पैशासाठी अशा योजना ऐकल्या होत्या, इगुआनासाठी ही पहिलीच. पुढे 2022 च्या दुरुस्तीने कायद्यात चौथी अनुसूची विदेशी प्राण्यांची झाली आणि 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. आंतरराष्ट्रीय यादीतलं जनावर, उदाहरणार्थ बॉल पायथन, 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं, मेला तर कळवायचं, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. आमच्या भाच्याचं नाव अजून रेशनकार्डावर चढलेलं नाही. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, म्हणून विक्रेते त्याला "नो टेन्शन" म्हणतात. तो विमानातून आत कसा आला हे विचारलं की त्यांना दुसरा फोन येतो.

कसा येतो, ते अधूनमधून बातम्यांत कळतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. भाच्याच्या यादीतली दोन्ही स्थळं एकाच बॅगेत! त्यांची रवानगी परत बँकॉकला झाली. जाऊन-येऊन विमानप्रवास, खाणंपिणं नाही, पाय पसरायला जागा नाही (पायच नाहीत म्हणून बरं). भाच्याला सापडलेला विक्रेता म्हणाला होता की कागद नंतर करून देतो, माल ट्रॅव्हल्सच्या बसने पाठवतो, डिकीत. डिकीत आधीच कोकणातले आंबे, कुणाची तरी स्कूटर आणि दोन मृदंग असतात. पुढचं दृश्य वाचकांनी स्वतः रंगवावं.

या सगळ्यातून निराश झालेल्या भाच्याने मधल्या काळात सर्पमित्र व्हायचंही मनावर घेतलं होतं. याच पुण्यात 1980 साली नीलिमकुमार खैरे 72 सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत बसले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटावं म्हणून. आता तेच तीस सेकंदांत पटवायचं असतं, तेही नागाच्या डोक्याचा मुका घेऊन आणि मागे गाणं लावून. लोकांना काय पटतं ठाऊक नाही. नागाला ते डिवचणंच वाटतं, आणि मग सर्पमित्राला घेऊन त्याचे मित्र प्रतिविषाची बाटली शोधत हिंडतात. भावोजींनी फक्त एवढंच विचारलं, "हे रिझ्युमेत कुठल्या रकान्यात टाकतोस?" विषय तिथे संपला.

मग गेल्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला. खरा, सहा-साडेसहा फुटी, पिवळसर तपकिरी, एका स्कूटरखाली. दोन मजल्यांवरून आरडाओरडा, तिसऱ्यावरून बॅट, चौथ्यावरून सल्ले. सचिवांनी गटावर टाकलं: "नाग आहे. मुलांना घरात घ्या." पाठोपाठ सतरा जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली आणि एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा. आम्ही भाच्याला हाक मारली. अखेर घरात तज्ज्ञ आहे! तो गॅलरीत आला, फोन लांब धरून फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "मामा, हा कुठला आहे कळत नाही. पण क्लाउन नाहीये."

तेवढ्यात वॉचमनकाका काठी घेऊन आले. आता धोपटणार म्हणून बायकांनी डोळे मिटले. काकांनी काठी नुसतीच जमिनीवर आपटत सापाला कंपाउंडच्या बाजूने वळवला. "धामण हाय ओ. तुमी कचऱ्याच्या पिशव्या जिन्याखाली ठेवता, उंदरं झाल्यात. त्यांच्यामागं आली." धामण भिंतीच्या कडेने सरळ नाल्यात उतरली. बॅटवाले गृहस्थ बराच वेळ तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. आम्ही ती जशीच्या तशी देतो: "काल पार्किंगमध्ये आढळलेला साप ज्या सभासदांचा असेल त्यांनी कार्यालयात नोंद करावी व पाहुण्यांच्या पार्किंगचे शुल्क भरावे. भाडेकरूंना साप ठेवण्यास परवानगी नाही. आदेशावरून, सचिव."