पोच द्या

माझी भाची डॉक्टर आहे. परवा तिने दवाखान्यातल्या मावशींना पाठवायचा निरोप इंग्रजीत बोलून ॲपकडून मराठीत करून घेतला. समोर आलं, ‘मी पोहोचलो, पेशंटना बसवून ठेवा.’ पोहोचलो! तिने उलट्या अंगठ्याचं चिन्ह दाबलं. ‘काय चुकलं?’ विचारणारी खिडकी उघडली. पर्याय तीनच : चुकीचं, अपमानकारक, इतर. तिने ‘इतर’ निवडून ‘मी बाई आहे’ असं लिहिलं आणि पाठवलं. ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ खिडकी बंद. “मामा, हे मी चौथ्यांदा केलं,” ती म्हणाली, “आता नाही करणार.”

ती आळशी नाही. तिचा विश्वास उडालाय, आणि तो ज्यांनी उडवला त्यांच्याशी माझं भांडण आहे.

बोलणारी बाई आहे की पुरुष, हे नुसत्या इंग्रजी वाक्यावरून ॲपला कळणार नाही, मान्य. मग दोन्ही रूपं दाखवा. तुर्की भाषेतल्या सर्वनामाला लिंग नाही, म्हणून गुगल ट्रान्सलेटने डिसेंबर २०१८ मध्ये तुर्कीतून इंग्रजीत येताना ‘तो डॉक्टर’ आणि ‘ती डॉक्टर’ अशी दोन्ही भाषांतरं द्यायला सुरुवात केली. म्हणजे हे जमतं. मराठीत तर गेलो-गेले, आलो-आले असं क्रियापदच लिंग सांगतं. इथे चूक लपत नाही, रोज तोंडावर येते.

आपल्याकडे कचेरीत अर्ज द्यायला गेलेला माणूस काय करतो? दुसरी प्रत पुढे सरकवतो आणि म्हणतो, पोच द्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्या कागदाच्या जोरावर तो महिन्याने पुन्हा जाऊन विचारू शकतो, माझ्या अर्जाचं काय झालं? पोच नसेल तर अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. उलट्या अंगठ्याच्या बटणाला हीच पोच नाही.

लोक सांगत नाहीत, असं कंपन्यांनी म्हणू नये. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की झूमवर पार्श्वभूमी बदलली की त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचं डोकंच गायब होतंय. ते दाखवायला त्याने दोघांचं चित्र ट्विटरवर टाकलं, तर ट्विटरने कापून दाखवलेल्या तुकड्यात त्याचा स्वतःचा गोरा चेहराच तेवढा उरला. मग लोक तुटून पडले. कुणी एका उभ्या चित्रात एका टोकाला ओबामा आणि दुसऱ्या टोकाला गोरे सिनेटर मिच मॅकॉनेल ठेवले, जागा उलटसुलट केल्या. दोन्ही वेळा दिसले मॅकॉनेलच. आम्ही आधी तपासलं होतं, तेव्हा भेदभाव आढळला नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. पण रेटा एवढा की पुन्हा तपासावं लागलं. मे २०२१ मध्ये कंपनीनेच आकडे छापले : समान निवडीपासूनचा फरक स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के, गोऱ्या चेहऱ्यांच्या बाजूने ४ टक्के. फोटो कुठे कापायचा हे माणसानेच ठरवावं, असा निष्कर्ष काढून मोबाइलवर नेहमीच्या मापाचे फोटो पूर्ण दाखवणं सुरू झालं.

या लोकांना कुणी पगार दिला नव्हता. शेजाऱ्याला दिसतंय तेच मलाही दिसतंय का, हे प्रत्येकाला घरबसल्या करून बघता आलं आणि निकाल सगळ्यांसमोर राहिला. तक्रार एकट्याची उरली नाही. खासगी खिडकीत ‘इतर’ लिहून हे कधीच झालं नसतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विटरने फोटो कापणाऱ्या या यंत्रातले दोष शोधणाऱ्यांसाठी बक्षिसं लावली. पहिलं ३,५०० डॉलरचं, ते बोग्दान कुलिनिचला मिळालं. चेहरा सडपातळ, तरुण आणि उजळ केला की यंत्राला तो जास्त आवडतो, हे त्याने दाखवलं. मला मात्र तिसरं बक्षीस मोठं वाटतं : चित्रावरच्या मजकुरात अरबी लिपीपेक्षा इंग्रजीला झुकतं माप मिळतं, हे रोया पाकझादने दाखवलं. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुढे कंपनीचा मालक बदलल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ही स्पर्धा भरवणारा विभागच मोडीत निघाला. तक्रार ऐकणारा माणूसच काढून टाकला, तर बटण ठेवून काय करायचं?

प्रत्येक तक्रार खरी ठरेल असंही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपल कार्डावर आपल्याला बायकोच्या वीसपट उधारीची मर्यादा मिळाल्याचं एका नामवंत प्रोग्रामरने जाहीरपणे लिहिलं. न्यूयॉर्कच्या वित्त नियामकाने सुमारे चार लाख अर्जांची माहिती तपासली आणि मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला : कायद्याने ठरणारा भेदभाव आढळला नाही. निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागला नाही, पण तपास झाला, कारणांसह उत्तर मिळालं. याला पोच म्हणतात.

तेव्हा ॲप बनवणाऱ्यांनो, आमच्या लोकांनी चुका दाखवाव्यात असं वाटत असेल तर बिल्ले, गुण आणि चमकणाऱ्या चांदण्या नकोत. तक्रारीला क्रमांक द्या. ‘मला पुरुष समजलं’, ‘माझी जात धरून बोललं’ असे पर्याय मराठीत लिहा. तीच तक्रार आणखी किती जणांनी केली तो आकडा दाखवा. काय बदललं ते कळवा, आणि बदलणार नसाल तर का नाही तेही कळवा.

आणि वाचकहो, तुम्हाला असं काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख लिहून ठेवा. तेच वाक्य घरातल्या दोघांच्या फोनवर करून बघा. तिन्हीकडे तेच आलं, तर तिघांनी मिळून पाठवा आणि चार लोकांना दिसेल अशा ठिकाणीही टाका.