चंद्राच्या पलीकडे आणि किरकोळ अडचण

इंग्रज माणूस भावना दाखवत नाही, ही समजूत ज्यानं कुणी रूढ केली त्यानं १९७० च्या दशकातल्या इंग्लिश फुटबॉलपटूंच्या मुलाखती ऐकल्या नसणार. सामना जिंकला की गडी 'ओव्हर द मून', हरला की 'सिक अ‍ॅज अ पॅरट'. मधली अवस्थाच नाही; सामना बरोबरीत सुटला तर बिचाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर काय म्हणायचं, याची सोय भाषेनं करून ठेवलेली नव्हती. 'प्रायव्हेट आय' या लंडनच्या टवाळखोर पाक्षिकानं या दोन्ही वाक्प्रचारांची यथेच्छ रेवडी उडवली, पण चंद्र काही मैदानातून हटला नाही. तो मुळात बालगीतातला. अठराव्या शतकापासून इंग्रज पोरं जे गाणं घोकत आली आहेत, त्यात एक गाय उडी मारून चंद्र ओलांडते. म्हणजे पेनल्टी सत्कारणी लागली की धिप्पाड सेंटर फॉरवर्ड त्या गाईच्या शेपटीला धरून अंतराळात. पोपटाला नेमकं काय झालं होतं, यावर मात्र जाणकारांचं आजवर एकमत नाही.

आता दुसरं टोक बघा. २४ जून १९८२ ची रात्र. लंडनहून निघून मुंबई, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑकलंडकडे चाललेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. जम्बोला इंजिनं असतात चारच. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: एक किरकोळ अडचण आली आहे, चारही इंजिनं बंद पडली आहेत, ती चालू करायची आमची शिकस्त सुरू आहे, आपल्याला फार मनस्ताप होत नसावा अशी आशा आहे. विमान हजारो फूट खाली घसरत असताना हे निवेदन झालं. पुढे इंजिनं पुन्हा चालू होऊन ते जकार्ताला सुखरूप उतरलंही. दहा वर्षांनी तोच सूर खुद्द राणीच्या तोंडी आला. १९९२ साली एलिझाबेथबाईंचा एक मुलगा बायकोपासून वेगळा झाला, मुलीनं घटस्फोट घेतला, थोरल्याच्या संसाराची लक्तरं पुस्तक होऊन बाजारात आली आणि २० नोव्हेंबरला विंडसरचा किल्ला पेटला. चार दिवसांनी गिल्डहॉलच्या समारंभात बाई म्हणाल्या की या वर्षाची आठवण आपण निर्भेळ आनंदानं काढू असं काही नाही. मग 'अ‍ॅनस हॉरिबिलिस', म्हणजे भयंकर वर्ष, असं म्हणून त्यांनी मन मोकळं केलं खरं, पण तेही लॅटिनमध्ये.

तेव्हा इंग्रजाला भावना नाहीत असं नसून त्याच्या भाषेत भावनेचा आकार आणि शब्दाचा आकार यांचं व्यस्त प्रमाण आहे. चेंडू जाळ्यात गेला तर चंद्र अपुरा. विमान आकाशातून निसटलं तर अडचण किरकोळ. यावर कुणी म्हणेल, हा सगळा वर्गभेद झाला. फुटबॉलवाले कामगारवस्तीतले, वैमानिक नि राणी वरच्या थरातले. ज्याची त्याची बोली. आक्षेप वजनदार आहे, पण टिकत नाही. कारण संकटात सगळं काही किरकोळ ठरवणारा तोच साहेब, तुमचा पाय त्याच्या बुटावर पडला तर उलट आपणच 'टेरिबली सॉरी' होतो, केकचा तुकडा पुढे केला तर तुम्हाला 'ऑफुली काइंड' ठरवतो आणि शनिवारी जेवायला यायला जमणार नसेल तर त्याचं काळीज 'ड्रेडफुली' विदीर्ण होतं. भयानक, भीषण, भयंकर ही सगळी विशेषणं त्यानं केकवर उधळलेली असतात. ज्वालामुखीपर्यंत पोचेतो शिल्लक काय राहणार? आणि वरचा ओठ ताठ ठेवणारी ती प्रसिद्ध 'स्टिफ अपर लिप' तरी इंग्रजांची कुठे? तिचा जुना छापील दाखला सापडतो तो १८१५ सालच्या एका अमेरिकी वृत्तपत्रात. म्हणजे भावना दाबण्याचा वाक्प्रचारसुद्धा त्यांनी आयात केला. उलट हृदय बाहीवर मिरवण्याची भाषा अस्सल घरची, 'ऑथेल्लो'मधली. फक्त ती शेक्सपिअरनं इयागोच्या तोंडी घातली आहे आणि असलं काही आपण करणार नाही, असंच त्या लबाडाला म्हणायचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. कुणी म्हणेल, ही गंमत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे; खरी परिस्थिती कळणार कशी? इंग्रजाला इंग्रजाचं कळतं. 'नॉट बॅड' म्हणजे उत्तम आणि 'अ बिट' म्हणजे भरपूर, हे त्याला बाळपणीच पाजलेलं असतं. पण ऐकणारा बाहेरचा असला की घोटाळा होतो, आणि तो फक्त आपलाच होतो असं नव्हे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातल्या इमजिन नदीवर चिनी फौजांनी ब्रिटिश ब्रिगेडला घेरलं, तेव्हा ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकी सेनापतीला परिस्थिती जरा 'स्टिकी' आहे असं कळवल्याचं सांगतात. अमेरिकी कानांना ते 'चाललंय, निभावून नेतो' असं ऐकू गेलं. ब्रिगेडमधली ग्लॉस्टर पलटण टेकडीवरच अडकली. तिच्यातले मूठभर जवान निसटले, बाकीचे बहुतेक मारले किंवा पकडले गेले. व्यस्त प्रमाणाचा हिशेब दोन्ही बाजूंना येत नसेल तर केवढ्याला पडतो, याचा याहून महागडा दाखला मिळणं कठीण.

आपण या भाषेचे शागीर्द. पण आपण अर्धाच धडा उचलला. वैमानिकाचा सोडला, फुटबॉलपटूचा घेतला. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातला मराठी माणूस नव्या प्रोजेक्टच्या मेलवर 'सुपर एक्सायटेड' असतो, कॅन्टीनमधला वडापाव संपला की 'डिव्हास्टेटेड' असतो आणि साध्या कोटीवर 'आय अ‍ॅम डेड' असं लिहून पुढच्या मिनिटाला जिवंतपणी एक्सेल भरत असतो. २०१५ साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी निवडला, तो याच पंथाचा; तो पाठवणाऱ्याच्या चेहऱ्यावरची इस्त्रीसुद्धा बहुधा मोडलेली नसते. मराठीचं जुनं माप असं नव्हतं, असा दावा कुणी करील. संतापाच्या तीव्रतेनुसार कपाळाला आठी, मग अंगाचा तिळपापड, मग तळपायाची आग मस्तकात, अशी चढती भाजणी होती म्हणे. असेलही. पण सवाई गंधर्व महोत्सवात अंगावर काटा आणणाऱ्या गाण्यानंतर 'बरा लागला होता आज' म्हणणारे श्रोते याच मातीतले. आणि हल्ली तर दोन्ही मापं मोडीत काढणारा एक शब्द आपण कमावला आहे. सिलिंडर संपला, कामवाल्या मावशी आल्या नाहीत, मुलाची दहावी आहे, बाबांची बायपास ठरली आहे: या सगळ्याला घराघरांत एकच उत्तर मिळतं, 'जरा टेन्शन आहे'. त्यातलं कुठलं टेन्शन, हे विचारणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं.