तरी

आमची भाची हल्ली कोरियन शिकते. परवा तिनं वही पुढे सरकवली. 'पाऊस आला तरी'ला तिकडे 'वादो', 'समजा आलाच तरी'ला 'ओदोरादो' आणि 'येत असूनही'ला 'ओनुन्देदो'. "मामा, एका पावसाला एवढे नखरे?" मी हसलो. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसानं असं हसू नये, हे मागाहून लक्षात आलं.

कारण आमच्याकडे 'पडला तरी' आणि 'पडूनही' यांच्यात अख्ख्या हंगामाचं अंतर असतं. मृगात ओट्यावर बसलेली माणसं म्हणतात, पडला तरी किती पडंल! त्या 'तरी'त ढग अजून डोंगरापल्याड असतो. यायचं की नाही, हे त्याचंही ठरलेलं नसतं. 'पडूनही' मात्र झाल्यागेल्याचाच सोबती. बाजरी काळी पडल्यावर तो येतो आणि ओल्या सदऱ्यासारखा अंगाला चिकटतो. तक्रारींना तो फार मानवतो: वारंवार अर्ज करूनही, हेलपाटे घालूनही. तिथे 'अर्ज केला तरी' लिहावं, तर साहेबाला वाटायचं, अजून केलेलाच दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'तरी' हटकून हजर असतो. आई आजारी आहे, तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी. आता यात विरोध कसला? आई आजारी, म्हणूनच तर रजा! हा 'तर' अर्थाचा जुना 'तरी'. ज्ञानेश्वरीत तो पावलोपावली भेटतो. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्या खांबाला टेकून ती सांगितली म्हणतात, तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. आणि हा 'तरी' किरकोळ रजेच्या अर्जाला टेकून उभा असावा, देवळातून चुकून कचेरीत आलेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याला कुणी उठवत नाही, हे आपलं मला बरं वाटतं.

भाचीला एवढं सगळं सांगितलं. आजीचा 'तरी' तेवढा सांगायचा राहिला. सुट्टी संपली की ती आम्हाला एसटीत बसवायला फाट्यापर्यंत यायची. खिडकीचा गज धरून म्हणायची, "आजून दोन दिस तरी…" पुढचं क्रियापद तिला कधी सापडलं नाही. कंडक्टर दोनदा दोरी ओढायचा.