फांदी देणारे अण्णा

अण्णांकडून ब्लीडिंग हार्टची फांदी मिळणं सोपं आहे. नंतर ती बघायला अण्णा येतात, ते जड जातं.

सोसायटीतल्या निम्म्या बाल्कन्यांतला हा वेल त्यांच्याच कुंडीतून गेलेला. देताना हात कधी आखडता नाही. पण लेक सासरी धाडल्यासारखे डोळे पाणावतात आणि पुढच्या रविवारपासून तपासणी सुरू होते. "भर उन्हात ठेवलीत? करपली बघा पानं! पश्चिम आफ्रिकेच्या रानातला जीव आहे हो, त्याला आडोसा लागतो." मग ओल बघायला कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसायचं, तेच पायजम्याला पुसून चहाचा कप उचलायचा.

नव्या माणसाला त्यांचा प्रश्न ठरलेला. "यातलं फूल कुठलं?" माणूस पांढऱ्याकडे बोट दाखवतो. अण्णांना तेच हवं असतं. "चूक! पांढरी ती निदलं. त्यातून जीभ काढल्यासारखं लाल दिसतंय ना, ते फूल. लाल गळतं, पांढरं टिकतं आणि पुढे जांभळट होतं." लाल गळतं ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर, एवढं सांगायचं राहतं.

फुलं नव्या फुटव्यावर येतात हे कळल्यापासून कात्री कायम खिशात. बहर ओसरला की आपला वेल छाटायचा, मग लोकांचे. विचारण्याची पद्धत नाही. शेजारच्या वहिनींची जाई त्यातच गेली. "चुकून गेली," असं अण्णा अजूनही म्हणत नाहीत.

इतिहासाला हात घातला की मात्र खुर्ची ओढून घ्यावी. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबारला थॉमसन नावाचे मिशनरी होते. एडिंबरोच्या बाल्फोर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६२ साली या वेलाचं शास्त्रीय नाव ठेवलं, ते थॉमसनच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ. "याला म्हणतात बायकोवरचं प्रेम!" अण्णा गहिवरतात.

आतून काकू विचारतात, "म्हणजे वेलाला नाव मिळायला आधी मरावं लागतं का?"

अण्णा झारी घेऊन उठतात. कुंडीला सकाळीच पाणी घातलेलं असतं.

तुम्हाला फांदी हवी असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर या, चांगली रुजते. आमच्या सोसायटीत राहत नसाल तर उत्तमच. फक्त पत्ता सांगू नका.