पाटी नसलेली काच

सी भाषेत अवतरणचिन्हांत ‘पुणे’ लिहिलं की यूटीएफ-८ मध्ये 13 बाइट जातात. 12 अक्षरांचे, एक शेवटच्या शून्याचा. हा ऐवज कंपायलर बहुधा फक्त वाचायच्या जागेत ठेवतो, संग्रहालयातल्या काचेमागच्या भांड्यासारखा. पण काचेवर पाटी नाही! कागदोपत्री तो साधा कॅरचा अ‍ॅरे, कॉन्स्ट नव्हेच. पॉइंटर धरून पहिला बाइट बदलायला जा, कंपायलर गप्प. प्रोग्रॅम चालवला की बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट. 1989 च्या स्टँडर्डने याला ‘अनडिफाइन्ड बिहेवियर’ म्हटलं, म्हणजे काहीही झालं तरी व्यवस्थापन जबाबदार नाही. (वाहनतळावर हीच पाटी मात्र ठळक असते.) पॉइंटरऐवजी अ‍ॅरे घ्या, स्वतःची प्रत मिळते, तीत खुशाल ‘पुणे’चं ‘ठाणे’ करायला जा आणि पुरेसे बाइट आहेत का ते मोजत बसा.