बिनपगारी मॅनेजर

सिएटलला किंवा फ्रँकफर्टला स्थिरावलेला मराठी माणूस बाणेर-वाकडकडे फ्लॅट घेऊन भाड्याने देतो आणि त्याला गुंतवणूक म्हणतो. गुंतवणूक म्हटली की हिशेब आलाच. समजा, फ्लॅट 90 लाखांचा आणि भाडं महिना 25 हजार. वर्षाचे झाले 3 लाख, म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, एजंटाचं एक भाडं, दोन भाडेकरूंमधला रिकामा महिना आणि रंगकाम वजा करा; उरतात जेमतेम दोन टक्के. हेच पैसे एनआरई खात्यात मुदत ठेवीत टाकले तर व्याज कितीतरी जास्त, तेही भारतात करमुक्त, आणि मुदत ठेवीचा गिझर रात्री दहा वाजता बंद पडत नाही.

बरं, हे दोन टक्के तरी कशाच्या जोरावर? कोथरूडला राहणाऱ्या बाबांच्या. कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावाचं. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी; म्हणून दर 11 महिन्यांनी एजंटाचा पोऱ्या लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी हजर. बाबांच्या बोटांच्या रेषा वयाने झिजलेल्या, यंत्र काही त्यांना ओळखत नाही. “काका, हात धुऊन या. आता जरा तेल लावा. दुसरं बोट बघू.” मग पोलीस पडताळणी. शिवाय मालक अनिवासी, म्हणजे भाडेकरूने टॅन नंबर काढून भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापायचा. हे नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला समजावण्याचं कामही बाबांचंच, आणि ते ऐकून तो “कळवतो काका” म्हणून गेला की नवा शोधण्याचंही. या सगळ्याला महिना पाच हजार पगार धरला तर ते दोन टक्केही दीड टक्क्याच्या खाली येतात.

“पण किंमत वाढते ना!” वाढते, रुपयांत. 2014 साली डॉलर 60 रुपयांच्या आसपास होता, 2024 संपताना 85 च्या. तेव्हाचे 90 लाख डॉलरमध्ये नुसते जागेवर राहायलाच फ्लॅट सव्वा कोटीच्या वर जायला हवा; आणि मधली काही वर्षं तर पुण्यातले भाव हलायला तयार नव्हते. “म्हातारपणी परत येऊ तेव्हा हक्काचं घर.” हा मुद्दा खरा आहे, पण मग ती गुंतवणूक नव्हे, हौस. हौसेला माझी हरकत नाही. फक्त तिच्या नावापुढे टक्के लिहू नयेत. सगळ्यांत भारी युक्तिवाद म्हणजे “बाबांना तेवढाच विरंगुळा.” विरंगुळ्यासाठी कुणी भर उन्हात प्लंबरची वाट बघत सोसायटीच्या गेटवर उभं राहत नाही, त्यासाठी नाट्यसंगीत आहे. तेव्हा एजंटाला जे एक भाडं बिनतक्रार देता, तेवढं वर्षाला बाबांनाही द्या. ते नको म्हणतील, तरी द्या. निदान पुढचा गिझर तरी त्यांच्या पेन्शनमधून बसवायला लावू नका.