हिला काय हुतंय!

नानांना गाडीची चौकशी आवडते. गाडीच्या तब्येतीची चौकशी मात्र खपत नाही. ‘नाना, किती पळाली गाडी?’ असं विचारा, चहा मिळेल. ‘नाना, परवा गाडी गॅरेजला दिसली,’ असं म्हणा, दारापर्यंत आलेला चहा आल्या पावली परत जाईल. ‘हिला काय हुतंय!’ एवढं बोलून नाना विषय बदलतात, आणि बदललेला विषयही थोड्या वेळाने फिरून ह्याच गाडीपाशी येऊन थांबतो.

असे नाना गावोगाव असतात. साताऱ्यात असतात, लातुरात असतात, नाशकातही असतात. पण अस्सल नमुना बघायचा तर इचलकरंजीला यावं. धंदा यंत्रमागाचा. शेडमध्ये रात्रंदिवस खडखडाट, त्यामुळे घरात मीठ मागायचं तरी आवाज शेडमधला. गाडी टोयोटा इनोव्हा, रंग पांढरा. पांढराच का, हे नाना सांगत नाहीत. पण टोलनाक्यावरच्या एखाद्या पोराने आमदाराची गाडी समजून सलाम ठोकला, तर काच खाली करून त्याचा गैरसमज दूर करत बसण्याइतका वेळ त्यांच्याकडे नसतो.

नानांची टोयोटाभक्ती क्वालिसपासूनची. जानेवारी 2000 मध्ये कंपनीने ती भारतात आणली. दिसायला डबा, पण त्या डब्यात अख्खी भावकी बसायची आणि डबा जोतिबाचा डोंगर न थांबता चढायचा. पुढे 2005 च्या सुरुवातीला, क्वालिस जोरात खपत असतानाच कंपनीने ती बंद केली आणि इनोव्हा काढली. ह्या गोष्टीचा नानांना जबर धक्का बसला. खपणारा माल स्वतःहून बंद करणारा मालक इचलकरंजीने कधी पाहिला नव्हता. इथे गिऱ्हाईक बंद झालं तरी माल चालू असतो. ‘ह्यात कायतरी डोकं असणार,’ असं ठरवून नानांनी इनोव्हा बुक केली, आणि तेव्हापासून टोयोटाने काहीही केलं तरी त्यात डोकं असतं.

गाडी तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. ‘आजवर एक रुपाया खर्च न्हाई,’ हे नानांचं वाक्य लग्नाच्या हॉलबाहेर, सहकारी बँकेच्या सभेत आणि मर्तिकाच्या घरी, तिन्ही ठिकाणी त्याच आवाजात ऐकू येतं. खर्च नाही हे खरंच आहे, फक्त खर्च कशाला म्हणायचं ते नाना ठरवतात. क्लच प्लेट बदलली? ‘ती घासायचीच असती.’ शॉकअप गेले? ‘रस्ता कुणी केला त्याला इचारा.’ एसीचा गॅस भरला? ‘वाराच तो, उडणारच.’ बॅटरी? ‘ती टोयोटानं केलीया व्हय?’ टायरचे दोन संच? ‘चप्पल झिजली म्हणून कुणी पाय गेला म्हणतंय का?’ दिवाणजी हा सगळा हिशेब इमानाने ‘किरकोळ’ खात्यात टाकतात. अलीकडे हे किरकोळ खातं शेडच्या वीजबिलाला गाठत आलं आहे, पण ते नानांपुढे बोलायची हिंमत दिवाणजींत नाही. ते पगारावर आहेत.

पाहुणा नवखा असला की नाना जपानवर येतात. ‘जपानी माणूस चूक करतच न्हाई’ हा त्यांच्या व्याख्यानाचा आरंभ आणि शेवट. मधला भाग त्यांना ठाऊक नाही, आणि गंमत अशी की सगळी गोष्ट त्या मधल्याच भागात आहे. शिवाय ती नानांच्याच धंद्यातली आहे.

टोयोटाची सुरुवात मोटारीने झालेली नाही, मागाने झाली. साकिची तोयोदा हा 1867 साली जन्मलेला सुताराचा मुलगा. गावातल्या बायका हातमागावर राबताना बघून त्याने मागात सुधारणा करायचा ध्यास घेतला. 1924 मध्ये त्याचा स्वयंचलित माग पुरा झाला. धोट्यातली कांडी संपत आली की तो माग न थांबता नवा धोटा घ्यायचा, आणि ताण्याचा एक धागा जरी तुटला तरी आपला आपण थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेलं बरं, एवढंच त्या यंत्राचं तत्त्वज्ञान. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्या देशाने जगाला माग विकले त्या देशातल्या कंपनीने, ह्या मागाचे हक्क विकत घेतले. पोरगा कीइचिरो तेव्हा मोटारींच्या नादाला लागला होता. 1937 मध्ये त्याची मोटार कंपनी रीतसर उभी राहिली.

उभी राहिली म्हणजे पळायला लागली असं नाही. त्याआधी, 1935 मध्येच निघालेले पहिले ट्रक वाटेत इतके बंद पडायचे की ते दुरुस्त करायला कंपनीची माणसं गिऱ्हाइकाच्या दारी धावायची. 1950 मध्ये दिवाळं निघायची वेळ आली, कामगार कमी करावे लागले, संप झाला, आणि त्याची जबाबदारी घेऊन कीइचिरोने राजीनामा दिला. 1957 मध्ये क्राउन ही गाडी मोठ्या तोऱ्यात अमेरिकेला गेली आणि तिथल्या लांबलचक रस्त्यांवर धापा टाकू लागली. पुढच्या साली तिकडे 300 गाड्याही खपल्या नाहीत. शेवटी कंपनीने ती गाडी अमेरिकेतून मागे घेतली, आणि तिथल्या रस्त्यांना झेपेल अशी गाडी करायला बसली. जपानी माणूस चूक करत नाही हे खोटं. तो केलेली चूक टेबलावर मांडून तिच्याभोवती बसतो, एवढंच.

हे नानांना सांगून पाहिलं तर ते मागाच्या भागापर्यंत नीट ऐकतात. ‘धागा तुटला की थांबतोय? आपोआप?’ एवढं विचारतात. मग शेडकडे एक नजर टाकतात. तिथे तुटक्या धाग्यासकट माग सुखाने चाललेला असतो आणि माग दुरुस्त ठेवणारा जॉबर तंबाखू मळत असतो. ‘आमचा माग थांबला तर विणायच्या मजुरीचं बिल कोण देणार, तुमचा तोयोदा?’ प्रश्न बिनतोड असतो. नानांच्या शेडमधून निघणाऱ्या कापडात डॅमेज किती आणि कापड किती, हे व्यापारी ठरवतो. नाना फक्त विणतात.

किर्लोस्करांचं नाव निघालं की मात्र त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली येतो. ‘गाडी जपानची, पण जोडीदार आपला.’ हे बरोबर आहे. टोयोटा आणि किर्लोस्कर यांची गाठही आधी वस्त्रोद्योगाच्या यंत्रांवरच पडली, 1995 मध्ये. टोयोटा किर्लोस्कर मोटर ही मोटारींची कंपनी 1997 ची, कारखाना बेंगळुरूजवळ बिडदीला. बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. तरी ते थांबले नाहीत आणि 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उठली. ही गोष्ट नानांना तोंडपाठ आहे. फक्त ती सांगताना लक्ष्मणरावांच्या जागी हळूहळू नाना स्वतः उभे राहतात. इनोव्हा सगळ्यांत आधी इंडोनेशियात आली आणि आपल्या दारातली बिडदीत जुळली, असं कुणी टोकलंच तर उत्तर तयार असतं : ‘पोरगं कुठं जन्मलं त्यावर जात ठरती व्हय? रगात बघायचं.’

गाडीत कुणी कुठे बसायचं ह्याचा कायदा घटनेपेक्षा कडक आहे. पुढे डावीकडे नाना. मधल्या दोन स्वतंत्र खुर्च्यांवर व्याही, बँकेचे संचालक किंवा ज्याच्याकडून उधारी यायची आहे तो. मागच्या ओळीत सुना, नातवंडं, जेवणाचे डबे आणि फोंडा घाटात ज्याला हमखास उलटी होते तो भाचा. सीटवरचं प्लॅस्टिक शोरूममधलं. पायाखाली कंपनीचं मॅट, त्यावर रबरी मॅट, त्यावर सतरंजीचा तुकडा, त्यावर कालचा पेपर. गावात कुणाचं बाळंतपण असो, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं असो, नवरदेव असो की अस्थी, पहिला फोन नानांना. नाना कुणाला नाही म्हणत नाहीत. हा चांगुलपणा आहेच, पण ह्या प्रत्येक खेपेनंतर त्या घरातल्या माणसांना ‘गाडी कशी वाटली?’ हा प्रश्न विचारला जातो. अस्थींच्या वेळीसुद्धा विचारला गेला होता.

एकदाच त्यांची श्रद्धा डळमळली. 2009-10 मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कुठे पायाखालच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकत होता, कुठे पेडलच चिकटत होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये कीइचिरोचा नातू आकिओ तोयोदा अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे बसला आणि त्याने माफी मागितली. नानांनी ते टीव्हीवर पाहिलं. मॅटचा भाग त्यांनी ‘अमेरिकेच्या लोकास्नी मॅट टाकाय येत न्हाई’ म्हणून निकालात काढला, आपल्या चार थरांवर पाय ठेवूनच. माफीने मात्र ते फार दुखावले. ‘मालकानं माफी मागायची नसती,’ ते दोन दिवस म्हणत होते. ‘त्याला दिवाणजी असतोय.’

टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावर एक दोरी असते. कुठे काही खटकलं की कुणीही, अगदी कालचा पोरगाही, ती ओढू शकतो. मुकादम धावत येतो, गरज पडली तर सगळी ओळ थांबते, आणि दोरी ओढणाऱ्याला कुणी झापत नाही. नानांच्या गाडीत ही दोरी ओढायचं काम ड्रायव्हर बाळूकडे आहे. ‘नाना, डाव्या चाकातनं आवाज येतोय,’ असं तो म्हणतो. नाना लगेच भजनाचा आवाज वाढवतात. ‘आता येतोय?’ ‘न्हाई.’ ‘मग? हिला काय हुतंय!’

नाना झोपल्यावर बाळू गाडी कबनूरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेतो, बेअरिंग बदलून घेतो आणि पहाटेच्या आत दारात आणून पुसून ठेवतो. बिल दिवाणजी किरकोळात टाकतात. सकाळी नाना गाडीत बसतात, कान देतात, आणि कालचा आवाज आपला आपण गेला म्हणून जपानला दाद देतात. पहिले ट्रक दुरुस्त करायला धावणारी माणसं कंपनीला विसरता आली नाहीत, कारण ती कंपनीच्या पगारावर होती. बाळूही नानांच्या पगारावर आहे, पण त्याची नेमणूक गाडी चालवायला आहे. ती चालू ठेवायला नव्हे.

नानांच्या मुलाने एमबीए केल्यावर घरात एक नवी गोष्ट आणली. टोयोटाच्या ताइची ओनो यांची ती पद्धत : काही बिघडलं की एकदाच ‘का’ विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. यंत्र का बंद पडलं? फ्यूज उडाला. का उडाला? बेअरिंगला तेल नव्हतं. का नव्हतं? असं खणत गेलं की खरं मूळ सापडतं. हे ओनो मुळात सूतगिरणीतले, हे कळल्यावर नानांनी पद्धत मंजूर केली आणि लगेच दिवाणजींवर, जॉबरवर, बाळूवर वापरली. चूक ती काकूंच्या, म्हणजे बायकोच्या, देखत वापरण्यात झाली. एका रात्री नाना उशिरा आले. ‘उशीर का?’ ‘मीटिंग हुती.’ ‘मीटिंग का लांबली?’ ‘जेवण हुतं.’ ‘जेवण का?’ तिसऱ्या ‘का’ला नाना म्हणाले, ‘ही पद्धत फॅक्टरीसाठी हाय,’ आणि पांघरूण घेतलं.

आता मुलाला फॉर्च्युनर हवी आहे. ‘फॉर्च्युनर मिरवायला, इनोव्हा जगायला,’ हा नानांचा सिद्धान्त. मुलाचं म्हणणं, आपण जगलो भरपूर. बरीच बोलणी, एक उपास आणि सुनेच्या माहेरची मध्यस्थी झाल्यावर नाना जुनी गाडी काढायला तयार झाले. किंमत अशी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, नवीच घेतोय. तरीही शिरोळकडचा एक ऊसवाला आला, कारण इनोव्हाला गिऱ्हाईक नाही असं होत नाही.

ऊसवाल्याने बॉनेट उघडलं, खाली वाकला, चाकं दाबली. ‘इंजनाचं काम?’

‘कायबी न्हाई.’

‘गेअरबॉक्स?’

‘हात लावल्याला न्हाई.’

‘एसी, सस्पेन्शन, कुठं वाजती-बिजती?’

बाळूने आकाशाकडे पाहिलं. दिवाणजींनी वही मिटली. ‘हिला काय हुतंय!’ नाना म्हणाले. ‘आणखी तीन लाख पळंल, डोळं झाकून.’

ऊसवाल्याने हात झटकले आणि साध्या भाबडेपणाने विचारलं, ‘मग इकताय का?’

नानांनी गाडीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला :

‘सांगा की! अजून चार ‘का’ शिल्लक हाईत.’